निम्म्या भावाचे गुरुजी

हॉकीतल्या यशाचं श्रेय प्रशिक्षकाचं की खेळाडूंचं, हा चहाच्या टपरीपासून वाहिन्यांच्या स्टुडिओपर्यंत चघळला जाणारा प्रश्न हॉकी इंडिया या महासंघाने २०२४ साली परस्पर निकाली काढला. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पुरुष संघाने स्पेनला २-१ असं हरवून कांस्यपदक घेतलं, तेव्हा जाहीर झालेलं बक्षीस असं होतं : प्रत्येक खेळाडूला १५ लाख, सपोर्ट स्टाफमधल्या प्रत्येकाला साडेसात लाख. एक प्रशिक्षक बरोबर अर्धा खेळाडू. ओडिशा सरकार जरा उदार निघालं. त्यांनी खेळाडूंना १५ आणि स्टाफला १० लाख दिले, त्यामुळे भुवनेश्वरच्या हद्दीत प्रशिक्षक दोन-तृतीयांश झाला. पुढच्या वर्षी राजगीरला आशिया चषक जिंकल्यावर हॉकी इंडियाने खेळाडूंना तीन लाख आणि स्टाफला दीड लाख दिले. सोन्याचा भाव कुठल्या कुठे गेला, पण गुरुजींचा दर जागचा हललेला नाही. ऑलिम्पिक समिती तर याहून कडक. ती प्रशिक्षकाच्या गळ्यात पदकच घालत नाही.

हा सगळा हिशोब जिंकल्यावरचा. हरल्यावर मात्र वाटणीचा प्रश्नच येत नाही, प्रशिक्षकाला पूर्ण वाटा मिळतो.

२००८ मध्ये चिलीतल्या सँतियागोला ब्रिटनकडून हरून भारत प्रथमच ऑलिम्पिकला मुकला आणि प्रशिक्षक जोकिम कार्व्हालो यांनी राजीनामा दिला. ते समजण्यासारखं होतं. पण जिंकलेल्यांचीही खैर नसते. २०१४ मध्ये इंचॉनला १६ वर्षांनी आशियाई सुवर्ण मिळालं, रिओ ऑलिम्पिकचं थेट तिकीट मिळालं, आणि दोन महिन्यांच्या आत ऑस्ट्रेलियन प्रशिक्षक टेरी वॉल्श यांनी गाशा गुंडाळलेला होता. त्यांच्या जागी आलेले हॉलंडचे पॉल व्हॅन अॅस एक मोसमही टिकले नाहीत. अँटवर्पला सामन्यानंतर महासंघाचे अध्यक्ष नरिंदर बात्रा मैदानात उतरून खेळाडूंशी बोलू लागले, आपण त्याला हरकत घेतली आणि नोकरी गेली, असं व्हॅन अॅस यांचं म्हणणं. ते शिबिराला हजरच झाले नाहीत, असं महासंघाचं म्हणणं. लंडन ते टोकियो या दोन ऑलिम्पिकांमधल्या नऊ वर्षांत नॉब्स, वॉल्श, व्हॅन अॅस, ओल्टमन्स, मरिन, हरेंद्र सिंग आणि रीड असे सात मुख्य प्रशिक्षक पुरुष संघाने पाहिले. जिंकला की श्रीफळ, हरला की नारळ. प्रशिक्षक रिकाम्या हाताने कधी परतला नाही.

या कारभारातला कळसाध्याय २०१८ चा. त्या वर्षी गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत शोर्ड मरिन यांचा पुरुष संघ चौथा आला. हरेंद्र सिंग यांचा महिला संघही चौथाच आला. दोघांनाही कांस्यपदकाच्या सामन्यात इंग्लंडनेच हरवलं. दोन्ही वर्गांचा निकाल सारखाच नापास लागल्यावर हॉकी इंडियाने वर्ग तसेच ठेवून मास्तरांची अदलाबदल केली. मरिन महिलांकडे गेले, हरेंद्र पुरुषांकडे आले. हरेंद्र यांना वर्षभरही मिळालं नाही. भुवनेश्वरच्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीत हॉलंडकडून हार झाली आणि जानेवारी २०१९ मध्ये ते बाहेर पडले. मरिन मात्र महिला संघाला घेऊन टोकियोला गेले, तिथे पुन्हा चौथे आले आणि या खेपेला राष्ट्राचे लाडके झाले. चौथा क्रमांक तोच, प्रशिक्षक तोच. एका चौथ्या क्रमांकाने बदली झाली, दुसऱ्याने हारतुरे मिळाले.

अर्थात, टोकियोचा चौथा क्रमांक खरोखर मोठा होता. हाच संघ रिओत बारावा, म्हणजे शेवटचा होता. टोकियोत पहिले तिन्ही सामने हरल्यावर आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिकेला हरवून मुलींनी कशीबशी उपांत्यपूर्व फेरी गाठली आणि ऑस्ट्रेलियाला १-० असं घरी पाठवलं. गोल गुरजीत कौरचा. गोलपोस्टसमोर भिंत होऊन उभी सविता पुनिया. त्या दिवशी समाजमाध्यमांवर मात्र संवाद रंगला तो दोन प्रशिक्षकांत. मरिन यांनी बसमधला फोटो टाकला, त्यावर शाहरुख खानने ‘चक दे! इंडिया’तला माजी प्रशिक्षक कबीर खान या नात्याने सुवर्णपदकाची मागणी केली आणि मरिन यांनी उत्तराखाली खरा प्रशिक्षक अशी सही केली. श्रेय खऱ्या प्रशिक्षकाला द्यायचं की पडद्यावरच्या, यावर देश दिवसभर हसत होता. गोल करणारी आणि गोल अडवणारी या चर्चेत नव्हत्या.

दोष त्या चित्रपटाचा नाही, आपल्या स्मरणशक्तीचा आहे. २००७ पासून भारतीय प्रेक्षकाची खात्री आहे की ड्रेसिंग रूममध्ये एक घणाघाती भाषण झालं की संघ पालटतो. त्या भाषणातला ७० मिनिटांचा सामनासुद्धा आता ६० मिनिटांचा झाला आहे, पण भाषणावरची श्रद्धा कमी झालेली नाही.

खेळाडूंच्या बाजूचे वकील अशा वेळी थेट १९२८ ची फाइल काढतात. ध्यानचंदांचा संघ ॲमस्टरडॅमला निघाला, तेव्हा मुंबईच्या संघाने त्याला ३-२ असं हरवलं होतं आणि बंदरावर निरोपाला अवघे तिघे आले होते. लॅपटॉप घेऊन बसलेला विश्लेषक नाही, मानसिक तयारीचा तज्ज्ञ नाही, अंतिम सामन्याला कर्णधार जयपाल सिंगसुद्धा नाहीत. तरी संघाने २९ गोल केले, एकही खाल्ला नाही, सुवर्ण आणलं. युक्तिवाद बिनतोड आहे, फक्त तो गवतावरचा आहे. १९७६ मध्ये माँट्रियलला ऑलिम्पिक हॉकी कृत्रिम मैदानावर आली आणि आदल्याच वर्षी विश्वचषक जिंकलेला भारत सातवा आला. मनगटाची जादू होती, पण नव्या मैदानावर कसं पळायचं हे कुणीतरी शिकवायला हवं होतं.

प्रशिक्षकांच्या वकिलांकडे यापेक्षा ताजा पुरावा आहे. टोकियोच्या पुरुष संघातले श्रीजेश आणि मनप्रीत सिंग २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्येही होते. तिथे भारत सगळे सामने हरून बारावा आला. टोकियोत तेच दोघे कांस्यपदक घेऊन आले. बदलला तो प्रशिक्षक. यावर विरुद्ध पक्ष शांतपणे टोकियोतले प्रशिक्षक ग्रॅहम रीड यांचा बायोडेटा पुढे सरकवतो. रिओत ते ऑस्ट्रेलियाचे प्रशिक्षक होते आणि ऑस्ट्रेलियासारखा बलाढ्य संघ सहावा आला होता. तिथे बदलले ते खेळाडू.

खटला इथे अडकतो, कारण दोन्ही वकील २०१६ च्या लखनौचा साक्षीदार बोलवायला विसरतात. त्या डिसेंबरमध्ये हरेंद्र सिंग यांच्या ज्युनियर संघाने बेल्जियमला २-१ असं हरवून विश्वचषक जिंकला. गोल गुरजंत आणि सिमरनजीतचे. साडेचार वर्षांनी टोकियोत जर्मनीविरुद्ध भारत १-३ असा मागे होता. तिथून ५-४ असा विजय, ४१ वर्षांनी ऑलिम्पिक पदक, आणि त्यातले दोन गोल याच सिमरनजीतचे, एक लखनौच्याच संघातल्या हरमनप्रीतचा. पदक रीड यांच्या खात्यात जमा झालं. पेरणी करणाऱ्या मास्तरांना महासंघाने अडीच वर्षांपूर्वीच मोकळं केलेलं होतं. रीड यांचा वाटा यामुळे कमी होत नाही. लॉकडाऊनमध्ये बंगळुरूच्या केंद्रात अडकलेल्या मुलांना त्यांनी एकत्र धरून ठेवलं, ऑस्ट्रेलियाकडून १-७ असा मार खाल्ल्यावर संघ कोसळू दिला नाही. पण २०२३ च्या विश्वचषकात याच संघाचा नववा क्रमांक आला आणि रीड यांनीही राजीनामा दिला.

पूर्ण समान न्याय मात्र एकदाच झाला. १९९८ मध्ये बँकॉकला खडकीच्या धनराज पिल्लेच्या संघाने ३२ वर्षांनी आशियाई सुवर्ण आणलं. त्यानंतर धनराजसह अनेक खेळाडू संघातून गळाले आणि प्रशिक्षक महाराजकृष्ण कौशिकही. भेदभावाचा आरोप करायला तेव्हाच्या महासंघाने जागाच ठेवली नाही.

जून २०२५ मध्ये युरोपात प्रो लीग खेळताना रीड यांच्या जागी आलेल्या क्रेग फुल्टन यांचा संघ ओळीने सात सामने हरला. जुन्या रिवाजाप्रमाणे फुल्टन यांचं विमानाचं तिकीट निघायला हवं होतं, निदान महिला संघाशी अदलाबदल तरी व्हायला हवी होती. काहीच झालं नाही. सप्टेंबरमध्ये हरमनप्रीतच्या संघाने राजगीरला कोरियाला ४-१ असं हरवून आशिया चषक आणि विश्वचषकाचं तिकीट दोन्ही मिळवलं. मंचावर फोटोला दाटी होती, श्रेयाचे दावेदारही भरपूर होते. फक्त जून ते सप्टेंबर हातावर हात ठेवून स्वस्थ बसल्याचं श्रेय मागायला एकही पदाधिकारी पुढे आला नाही.