प्रथिनमीमांसा: अल्पवित्त पैलवानांसाठी

पोषणशास्त्राने ‘किती खावे’ याचा भरपूर काथ्याकूट केला. ‘कितीचे खावे’ हा मूलभूत प्रश्न मात्र अनाथ राहिला. ती उणीव प्रस्तुत प्रबंध भरून काढत आहे.

अधिकारी: ज्याने जिमची वर्षाची फी एकरकमी भरली आणि त्यामुळे ज्याच्या खिशात आता काही उरलेले नाही, तोच या शास्त्राचा अधिकारी होय.

प्रमाण: निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिने पुरतात, असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद सांगते. वजने उचलणाऱ्याला साधारण 1.6 ग्रॅमपर्यंत फायदा होतो. त्यापुढचा फायदा बहुतांशी दुकानदाराचा. म्हणजे 60 किलोच्या देहाला 96 ग्रॅम. त्यातले पन्नासेक पोळी, वरण, उसळ, दही यांतून पोटात जातातच. सारा वाद उरलेल्या 45 ग्रॅमांचा.

डबावाद: या मताचे आद्य प्रवर्तक जिमचे ट्रेनर. व्हेचा, म्हणजे दूध फाटल्यावर उरणाऱ्या पाण्यातल्या प्रथिनांच्या भुकटीचा, किलोचा डबा 2,500 रुपयांचा आणि त्यात 750 ग्रॅम प्रथिने धरली, तर ग्रॅम पडतो 3 रुपये 33 पैशांना. 45 ग्रॅमांचे रोजचे दीडशे. याच दुकानात ‘मास गेनर’ नावाचा याहून मोठा आणि स्वस्त डबा मिळतो. त्यात मुख्यत्वे माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे साखरेचा चुलतभाऊ असतो. त्याने मास वाढते खरे, पण कुठे वाढावे हे ते स्वतः ठरवते.

मातृपंथ: “अडीच हजार कशाला घालवतोस? पनीरचं पाणी मी ओतूनच देते, तेच पी की!” युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण टिकत नाही. चीज करताना रेनेट नावाच्या विकराने दूध साकळले की व्हेची प्रथिने पाण्यात राहतात. आपण उकळत्या दुधात लिंबू पिळतो. त्या उष्णतेने ती केसीनला चिकटून पनीरमध्येच बसतात. तस्मात पनीर खावे. पाण्यात कणीक मळावी.

शेंगदाणावाद: शंभर ग्रॅममागे 25 ग्रॅम प्रथिने, हे खरे. पण जवळजवळ निम्मे तेल. 45 ग्रॅम प्रथिनांसाठी 180 ग्रॅम दाणे, म्हणजे हजारभर कॅलरी. हा मार्ग मास गेनरकडेच जातो, फक्त चवीने.

नायट्रोजनप्रकरण: 1883 मध्ये योहान केल्डाल या रसायनशास्त्रज्ञाने कोपनहेगनच्या एका बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नायट्रोजन मोजण्याची रीत काढली. त्या आकड्याला साधारणपणे 6.25 ने गुणले की प्रथिने निघतात. ही रीत भोळी आहे: नायट्रोजन कुठून आला, हे ती विचारत नाही. म्हणून लबाड उत्पादक डब्यातल्या भुकटीत स्वस्त, नायट्रोजनयुक्त ग्लायसीन मिसळतो आणि लेबलावरचे दंड फुगतात. अतिस्वस्त डबा दिसताच घटकांची यादी वाचावी.

सोयामत: सोयाबीनच्या वड्यांत शंभराला 52 ग्रॅम प्रथिने. किलो दीडशे रुपयांनी धरली, तर ग्रॅम 29 पैशांना. 60 ग्रॅम वड्या आणि दोन अंडी मिळून 43 ग्रॅम. खर्च तेवीसेक रुपये. वड्या गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळाव्यात, नाहीतर रश्श्यात स्पंज चावल्याचा अनुभव येतो. गॅस होतो, हा आक्षेप मान्य. पण व्हे कॉन्सन्ट्रेटमधल्या लॅक्टोजनेही तो अनेकांना होतो. वाताच्या मुद्द्यावर उभय पक्ष बरोबरीत.

सिद्धांत: डबा सोयीसाठी घ्यावा, अंडी-वड्या जमत असतील तर स्नायूंना फरक कळत नाही. उरतो प्रतिष्ठेचा प्रश्न. काळ्या डब्याकडे जिममध्ये जो आदराने पाहतो, तो वड्यांच्या पिशवीकडे पाहत नाही. त्यावर शास्त्रोक्त उपाय एकच: श्रीमंत मित्राचा रिकामा डबा मागून आणावा आणि त्यात फुटाणे भरावेत.