रिव्ह्यूकाका

हिंजवडीतल्या कुठल्याही कंपनीत शिरा, मजल्यागणिक एक रिव्ह्यूकाका सापडतोच. वय चाळिशीच्या पुढे, गळ्यात आयकार्ड, हातात मशीनची कॉफी. स्वतः त्यांनी शेवटचा कोड कधी लिहिला, हे कुणाला आठवत नाही. पण दुसऱ्याचा दिसला की हात शिवशिवतात. त्यातून तो चालणारा असला तर काकांना जास्तच वाईट वाटतं.

अशा काकांच्या तावडीत परवा एक नवी ट्रेनी सापडली. ऑब्जेक्ट ओरिएंटेड शिकता शिकता तिनं पायथॉनमध्ये बदाम सात लिहायला घेतला होता. पत्ता, गड्डी, खेळाडू, डाव असे चार क्लास. पण खेळ मध्येच वेड्यासारखं करायचा.

"सर, पत्ते तर बरोबर वाटले जातात, पण चौघांच्याही हातात बावन्नच्या बावन्न दिसतायत!"

काकांनी खुर्ची ओढली. "अगं, कन्स्ट्रक्टरमध्ये पत्त्यांची रिकामी लिस्ट डीफॉल्ट म्हणून दिलीयस. ती प्रत्येक खेळाडूला वेगळी मिळत नाही, फंक्शन तयार होताना एकदाच बनते. चौघंही तीच लिस्ट धरून बसलेत. डीफॉल्टला 'नन' दे आणि नवी लिस्ट आत बनव."

पोरीनं तसं केलं. प्रत्येकाला तेरा पत्ते आले.

"आता हे काय? खेळाडूचा क्लास गड्डीपासून इनहेरिट केलायस?"

"खेळाडूकडेही पत्ते असतात ना सर, म्हणून."

"तुझे बाबा रमी खेळतात?"

"दिवाळीत."

"म्हणून ते पत्त्यांच्या कुळातले झाले का? खेळाडूकडे पत्ते असतात, खेळाडू म्हणजे गड्डी नव्हे. उद्या कुणी चुकून बाबांना पिसायला घेईल!"

तिसरी चूक दश्शीची. पत्त्यांचे आकडे तिनं अक्षरं म्हणून ठेवले होते, त्यामुळे हातातले पत्ते लावताना दश्शी सत्तीच्याही आधी येऊन बसायची. अक्षरांच्या हिशेबात दहातला एक सातच्या आधी लागतो. काका म्हणाले, "किंमत आकड्यात ठेव, नाव फक्त दाखवण्यापुरतं." इथपर्यंत काका म्हणजे देवमाणूस. अशी तीन वाक्यं सांगणारा माणूस वेळेवर भेटला, तर नवशिक्याचं वर्ष वाचतं.

इथेच काकांनी उठायला हवं होतं. पण रिव्ह्यूकाका कॉफी संपल्याशिवाय उठत नाहीत, आणि संपली की दुसरी आणतात.

"बरं, उद्या यात झब्बू आणायचा झाला तर?"

"पण मला बदाम सातच..."

"आणि परवा मेंढीकोट? क्लायंटनं जोकर मागितले तर?"

क्लायंट म्हणजे तिचा धाकटा भाऊ, हे सांगायची तिची हिंमत झाली नाही. काकांच्या डोळ्यांसमोर १९९४ सालचं ते चौघांनी लिहिलेलं डिझाइन पॅटर्न्सचं पुस्तक उघडलं होतं. इनहेरिटन्सपेक्षा कॉम्पोझिशन बरं, हा मघाचा सल्लाही त्यातलाच. पण पुस्तकात तेवीस पॅटर्न आहेत आणि काकांना एकालाही नाराज करायचं नव्हतं. पत्ते बनवायला फॅक्टरी आली, पिसायला स्ट्रॅटेजी आली, कुणी पत्ता टाकला की बाकीच्यांना कळवायला ऑब्झर्व्हर आला. गड्डी एकच असावी म्हणून सिंगलटन आला, आणि गड्ड्या दोन लागल्या तर काय, म्हणून लगेच गेलाही. चार क्लासचे सतरा झाले. बदामाची सत्ती खाली ठेवायची, तर सरकारी कचेरीतल्या फायलीसारखी सहा टेबलांवरून सही घेऊन यायची. संध्याकाळी काका समाधानानं म्हणाले, "आता कसं स्वच्छ दिसतंय!"

स्वच्छ होतंच. फक्त खेळ सुरू होत नव्हता.

पोरगी मुकाट्यानं घरी गेली. जुनी फाइल उघडून तिनं तेवढ्या तीन दुरुस्त्या केल्या आणि भावासमोर लॅपटॉप ठेवला. पहिल्याच डावात त्याच्याकडे बदामाची सत्ती आली, आणि छक्की अडवून त्यानं बहिणीला रडकुंडीला आणलं. क्लायंट खूश.

काका वाईट नाहीत. जे कामाचं आहे ते त्यांना खरोखरच येतं. फक्त कामाचं कुठे संपतं आणि हौस कुठे सुरू होते, ते कळत नाही. तेव्हा नवशिक्यांनो, काका शेजारी बसले तर उठून पळू नका. जी चूक आत्ता दिसतेय, तिच्यावरचं औषध हात जोडून घ्या. मात्र त्यांनी 'उद्या समजा...' अशी सुरुवात केली, की त्यांच्यासाठी दुसरी कॉफी आणायला जा आणि सावकाश परत या.