ऑपरेशन खाडी

माझ्यात एक गुप्तहेर दडलाय, हे मला 'द सी वुल्व्ह्ज' पाहिला त्या रात्री कळलं. 1980 चा सिनेमा. साठी ओलांडलेला ग्रेगरी पेक आणि सत्तरीला टेकलेला डेव्हिड निव्हन गोव्यात जर्मन बोटीवर चाल करून जातात. मी बावन्नचा. म्हणजे अजून वेळ होता.

गोष्ट खरी आहे. मार्च 1943. मुरगाव बंदरात अडकून पडलेल्या 'एहरेनफेल्स'वरून दोस्तांच्या जहाजांचा ठावठिकाणा पाणबुड्यांना कळवला जातोय, असा इंग्रजांचा संशय. पोर्तुगीज तटस्थ, त्यामुळे फौज धाडायची सोय नाही. मग कलकत्ता लाइट हॉर्समधले पोट सुटलेले हौशी घोडेस्वार निघाले. आधी रेल्वेने कोचीनला, मग 'फीबी' नावाच्या गाळ वाहणाऱ्या बोटीवर. आधी रेल्वेने! मला भरूनच आलं. त्यात मोहिमेचं नाव 'ऑपरेशन क्रीक'. क्रीक म्हणजे खाडी, आणि खाडी तर आमचीच.

कळव्याची. गाडी तिच्यावर आली की ठाण्याला कोण उतरणार हे मी ओळखतो. पायाने चपला चाचपणारा उतरतोच. फोन खिशात टाकणारा संशयित. रॅककडे बघणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, तो फक्त बॅग आहे ना, एवढंच बघतो. एकदा एका काकांनी चष्मा काढला, घडी करून डबीत ठेवला. मी तिघांना कोपराने मागे सारून त्यांच्या गुडघ्यांसमोर ठाण मांडलं. ठाणं आलं. काकांनी डोळे मिटले. ते थेट भायखळ्याला उघडले.

त्या घोडेस्वारांना ना पदक मिळालं, ना पेपरात नाव. 1978 मध्ये पुस्तक येईपर्यंत, 35 वर्षं, सगळं गुपचूप. आमच्या अण्णांनीही डोंबिवली ते व्हीटी 35 वर्षंच केली. रोज संध्याकाळी आई विचारायची, "बसायला मिळालं का हो?" अण्णा म्हणायचे, "खिडकी मिळाली." निवृत्तीनंतर डॉक्टरांनी त्यांच्या पोटऱ्यांवरच्या फुगलेल्या शिरा पाहिल्या. "उभ्याने करायचं काम होतं का?" अण्णा आईकडे न बघता म्हणाले, "नाही. गाडीत." मला त्या वेळी रागच आला होता. कुणाचा, ते अजून ठरत नाही.

परवा घरी आलो तर बायकोने विचारलं, "मिळाली का जागा?"

"खिडकी," मी म्हणालो.

तिने माझ्या बुटांवर उमटलेले चार जणांचे तळवे पाहिले आणि काही न बोलता पाय शेकायला पाणी गरम करत ठेवलं.