सप्रेम भेट, ताबडतोब वाच

मित्राच्या वाढदिवसाला स्वतःचं सर्वांत लाडकं पुस्तक देणाऱ्या समस्त स्नेह्यांस,

स. न. वि. वि.

सर्वप्रथम तुमचं जाहीर अभिनंदन. शर्टपीस, भिंतीवरचं घड्याळ, काजूकतलीचा डबा आणि कुणीही कुणालाही देऊ शकतो तो गणपती, असे सगळे सोपे मार्ग ओलांडून तुम्ही पुस्तकाच्या दुकानाची पायरी चढलात. काजूकतली दोन दिवसांत संपते. शर्टपीस पुढच्या लग्नात पुढे सरकतो, गणपती वास्तुशांतीला. पुस्तक मात्र कपाटात उभं राहतं आणि न वाचणाऱ्याकडे वर्षानुवर्षं रोखून पाहत राहतं. चारशे रुपयांत इतकी टिकाऊ टोचणी दुसरी कुठलीच मिळत नाही. ही टोचणी ज्यांना बसते, त्यांच्या वतीने हे पत्र.

तुम्ही ज्या पद्धतीने पुस्तक निवडता तिच्याबद्दल मला नितांत आदर आहे. ज्याला ते द्यायचं तो तुमचा जुना दोस्त. त्याला काय आवडतं हे तुम्हाला तोंडपाठ आहे: रणजीचे सामने, शेअर बाजार, मिसळीची तर्री, जुनी स्कूटर उघडून परत जोडणं. अप्पा बळवंत चौकात पोचेपर्यंत हे सगळं तुमच्या ध्यानात असतं. दुकानात शिरलात की दोस्त मागे पडतो आणि हात आपसूक ‘कोसला’कडे जातो.

का जातो, तेही आम्ही जाणतो. ‘कोसला’ 1963 साली आली तेव्हा नेमाडे पंचविशीत होते, आणि तुम्ही ती वाचलीत तेव्हा तुमची विशीही उलटली नव्हती. खेड्यातून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर म्हणजे हुबेहूब आपणच, असं तुम्हाला वाटलं. पुढे महिनाभर तुम्ही त्याच्यासारखंच बोलत होतात आणि घरचे काळजीत पडले होते. उत्तम. पण दोस्त आता बावन्न वर्षांचा आहे, बँकेत शाखाधिकारी आहे. कर्जवसुलीचं टार्गेट, दुखरा गुडघा आणि मुलीची बारावी यांतून सवड काढून त्याने तुमच्या विशीतल्या उदासीत उतरावं, अशी तुमची माफक अपेक्षा. वर पहिल्या पानावर ठसठशीत अक्षरांत, ‘हे वाच, आयुष्य बदलेल!’ आयुष्य बदलून हवंय असा अर्ज त्याने तुमच्याकडे कधी केला होता?

‘कोसला’वाले तरी परवडले. लग्नात ‘ययाति’ देणाऱ्यांपुढे मात्र मी हात टेकले आहेत. खांडेकरांना 1974 चा ज्ञानपीठ मिळाला, म्हणजे पुस्तक थोर. थोर पुस्तक, म्हणजे आहेराला योग्य. इतका सरळ हिशेब. अक्षता पडून तासही झालेला नसतो आणि नवदांपत्याच्या हाती पडते ती एका राजाची न भागणारी वासना, देवयानी-शर्मिष्ठेचं हाडवैर आणि पोटच्या पोराकडे त्याचं तारुण्य मागणारा बाप. शुभेच्छा पोचल्या म्हणायच्या.

मित्राच्या चौथीतल्या मुलाला ‘श्यामची आई’ देणारेही तुमच्यातलेच. साने गुरुजींनी ते पुस्तक 1933 साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिलं. मुलाला ते पाच उन्हाळ्याच्या सुट्ट्या पुरतं, कारण दर सुट्टीत त्याला पहिल्या रात्रीपासून सुरुवात करायला लावतात. ‘मृत्युंजय’बद्दल काय सांगावं! ते विकत घेतलेलं घर मी पाहिलेलं नाही, आणि ते नसलेलंही पाहिलेलं नाही. ते भेट म्हणूनच येतं आणि वर्तमानपत्रांची रद्दी वाऱ्याने उडू नये म्हणून चोख कामगिरी बजावतं.

इथवरही सोसलं असतं. भेट दिल्यावर तुम्ही जी चौकशी आरंभता, ती मात्र फौजदारी स्वरूपाची असते. आठव्या दिवशी फोन: “कुठवर आलास?” पंधराव्या दिवशी: “तो प्रसंग आला का रे? नको, सांगत नाही, तूच वाच.” महिन्याभराने प्रत्यक्ष भेटीत डोळ्यांत डोळे घालून: “काय मग?” बिचाऱ्याने मलपृष्ठ आणि प्रस्तावनेचं पहिलं पान एवढ्या भांडवलावर तोंडी परीक्षेची तयारी केलेली असते. अनुभवी माणसं अशा वेळी एकच उत्तर देतात: “भाषा काय आहे राव!” हे उत्तर कथा, कादंबरी, आत्मचरित्र, प्रवासवर्णन कशालाही चालतं, पाककृतींच्या पुस्तकालाही एकदा चालून गेलेलं मी ऐकलं आहे.

यावर तुम्ही आता मोठी नावं पुढे कराल, याची कल्पना आहे. म्हणाल, 1904 मध्ये जोहान्सबर्गच्या स्टेशनवर हेन्री पोलाकनी गांधीजींच्या हाती रस्किनचं ‘अन्टू धिस लास्ट’ ठेवलं नसतं तर? खरं आहे. गांधीजींनी ते हातातून खाली ठेवलं नाही, रात्री त्यांना झोप लागली नाही, आणि त्याच वर्षी डरबनजवळ फिनिक्सची वसाहत उभी राहिली. चार वर्षांनी त्याचाच सारांश ‘सर्वोदय’ या नावाने त्यांनी गुजरातीत केला. पण जरा बारकाईने पाहा. पुस्तक बेताचं, त्यात निबंध चार. प्रवास चोवीस तासांचा, गाडीत दुसरं काही करायला नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं, गाडी सुटल्यावर “कुठवर आलात?” असं विचारायची पोलाकना सोयच नव्हती.

दुसरं नाव तुम्ही घ्याल ते केळूसकर गुरुजींचं. इथे मीही हात जोडतो. शाळकरी भीमराव आंबेडकरांच्या सत्काराला कृष्णराव अर्जुन केळूसकरांनी जे पुस्तक दिलं, ते नुसतं त्यांचं आवडतं नव्हतं, त्यांनी स्वतः लिहिलेलं होतं: गौतम बुद्धाचं चरित्र. स्वतःचंच पुस्तक भेट देणारा लेखक म्हटला की एरवी लोक रस्ता बदलतात. पण ते चरित्र आपल्या मनावर किती खोल उमटलं, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलं आहे, आणि 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात काय घडलं हे साऱ्या जगाला ठाऊक आहे. एका भेटीच्या पुस्तकाने इतका लांबचा पल्ला गाठल्याचं दुसरं उदाहरण महाराष्ट्राला शोधून सापडायचं नाही.

मात्र या गोष्टीचा आधीचा भाग तुम्ही सोयीने गाळता. चर्नी रोडच्या बागेत संध्याकाळी एक मुलगा एकटाच वाचत बसतो, हे गुरुजींनी आधी पाहिलं होतं. त्याची विचारपूस केली होती, त्याला वाचायला पुस्तकं दिली होती. म्हणजे पुस्तक हाती ठेवण्यापूर्वी त्यांनी माणूस वाचला होता. पुढे सयाजीराव महाराजांकडून त्याला शिष्यवृत्ती मिळावी म्हणून खटपटही केली. तुम्ही दोस्तासाठी यातलं काय करणार आहात? निदान त्याचा गृहकर्जाचा हप्ता तरी?

रागावू नका. एकट्याने वाचलेलं पुस्तक पोटात ठेवून हिंडणं किती अवघड असतं, हे मला कळतं. त्यातल्या माणसांबद्दल बोलायला कुणीतरी हवं असतं, आणि हाकेच्या अंतरावर असतो तो हा दोस्त. मग सरळ तसं सांगा ना. चहाला बोलवा आणि पुस्तकाची गोष्ट सांगा. तो मन लावून ऐकेल, कारण ऐकायला चष्मा लागत नाही.

द्यायचंच झालं तर थोडी नजर त्याच्याकडे वळवा. आडगावी नव्याने बदली झालेल्या शिक्षक दोस्ताला ‘बनगरवाडी’ द्या. धनगरांच्या वाडीवर रुजू झालेला माडगूळकरांचा तरुण मास्तर त्याला लगेच ओळखू येईल, आणि पुस्तक एका रविवारी संपेल. जिचा नवरा न सांगता घर सोडतो, हातातले पैसे वाटून मोकळा होतो आणि कुणालाही घरी घेऊन येतो, तिला लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ द्या. रेव्हरंड टिळकांचे प्रताप वाचून तिला स्वतःचा संसार बराच सुरळीत वाटू लागेल. आणि जमलं तर तुमची स्वतःची, रेघा मारलेली, चहाचा डाग पडलेली प्रत द्या. दोस्त निदान रेघा मारलेलं तरी वाचेल. तुमचा जीव कुठे अडकला होता, ते त्याला तेवढ्यावर समजेल. कोऱ्या प्रतीतून हे कळत नाही, मग ती कितीही चकचकीत कागदात बांधा.

एवढंही जमत नसेल तर काजूकतली आणा. आमचा तिच्यावर राग नाही.

कळावे, लोभ आहेच, तो वाचनाच्या अटीशिवाय असावा ही विनंती.

आपला,
एक भेटपुस्तकग्रस्त

ता. क. : पहिल्या पानावरचं ‘सप्रेम भेट’ आणि आमचं नाव कृपया पेन्सिलीने लिहा. पुढच्या महिन्यात मलाही एका वाढदिवसाला जायचं आहे.