कॅरिबियन, व्हाया भुसावळ

बऱ्हाणपूरला समुद्र नाही. तापी आहे, उतावळी आहे, खानखानान रहीमच्या काळातल्या कुंडी भंडाऱ्याचं जमिनीखालचं गोड पाणी आहे; पण समुद्र नाही, आणि गेली सहाशे वर्षं त्यावाचून गावाचं काही अडलंही नव्हतं. अडलं ते आमच्या वहिनीचं. महिना मे, पारा पंचेचाळिसाला टेकलेला, वीज गेलेली, आणि तिच्या मोबाइलवर निळंशार पाणी, पांढरी वाळू, दोन खुर्च्या आणि एक छत्री.

"औंदा लग्नाला पंचवीस वर्षं होतायत. आपण कॅरिबियन बेटावर जायचं," तिनं जाहीर केलं.

दादानं फक्त "कुठं आलं ते?" एवढंच विचारलं. उत्तर आईनं दिलं, "भुसावळच्या पुढं असेल."

हे उत्तर चूक म्हणता येत नाही. बऱ्हाणपूरच्या माणसाला पश्चिमेकडे कुठंही जायचं तर आधी भुसावळ लागतं. मुंबई भुसावळच्या पुढं, लंडन भुसावळच्या पुढं, तसं कॅरिबियनही. शिवाय पुतण्यानं नकाशा उघडून दाखवलं की बऱ्हाणपूर साधारण सव्वाएकवीस अक्षांशावर आहे. याच अक्षांशावरून नाकासमोर पश्चिमेला निघालं तर सुरत लागते, मग अरबी समुद्र, मक्का, सहारा, अटलांटिक, आणि त्यापुढे सरळ क्युबा. तिथलं कामागुए नावाचं शहर जवळजवळ आपल्याच रेषेवर आहे. मध्ये वळणच नाही!

"म्हणजे ते ट्रॉपिकल म्हणतात तसे आपणही ट्रॉपिकलच," पुतण्या म्हणाला. "कर्कवृत्ताच्या आतले."

"मग इथंच बसा की," दादा म्हणाला. वहिनीनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो लगेच पासपोर्ट शोधायला उठला.

घरात कॅरिबियनची माहिती असलेला माणूस एकच, आमचे आबा. शाहपूरकडे त्यांची केळीची बाग. ते भुसावळच्या पलीकडे क्वचितच गेलेले, पण वेस्ट इंडीजचा त्यांचा भूगोल पक्का. तो सगळा स्कोअरबोर्डावरून शिकलेला. किंग्स्टन, ब्रिजटाऊन, पोर्ट ऑफ स्पेन. 1971 साली आपण तिथं पहिल्यांदा कसोटी आणि मालिका जिंकली. कप्तान वाडेकर, सरदेसाईंच्या 642 धावा आणि एकवीस वर्षांच्या गावसकरांच्या चार सामन्यांत 774. "मराठी माणसानं ती बेटं तेव्हाच जिंकलीयत. आता नुसती ताब्यात घ्यायची राहिलीत," आबा म्हणाले आणि मोहिमेचं सेनापतिपद आपसूक त्यांच्याकडे गेलं.

पहिली चढाई ट्रॅव्हल एजंटावर. त्यानं सांगितलं, बार्बाडोस, जमैका, डॉमिनिका या देशांत भारतीय पासपोर्टवर फिरायला जाताना आधी व्हिसा काढावा लागत नाही. घरात टाळ्या पडल्या. मग तो म्हणाला, अडचण तिथं उतरण्याची नाही, पोचण्याची आहे. इथून थेट विमान नाही. अमेरिकेत विमान बदलायचं तर विमानतळाबाहेर पाऊल न टाकताही अमेरिकेचा व्हिसा लागतो.

आबांना हे पटेना. "1492 साली कोलंबस आमच्याकडे यायला निघाला आणि चुकून तिथं पोचला. आम्ही तिथंच जायचं म्हणून निघतोय, तर आम्हाला कागद?" एजंटानं नम्रपणे सुचवलं की कोलंबसानंही आधी राणीची परवानगी काढली होती. आबांनी विषय बदलला.

मग कॅलेंडर उघडलं. तिकडे 1 जून ते 30 नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम. म्हणजे अर्धं वर्ष पहिल्याच फटक्यात गेलं. डिसेंबर ते एप्रिल हवा उत्तम आणि म्हणूनच दर दुप्पट, शिवाय त्याच काळात आमच्याकडे लग्नसराई आणि पोरांच्या परीक्षा. उरला मे. एजंट खुशीत म्हणाला, मे झकास आहे, गर्दी नाही, दर उतरलेले.

"मे?" आबा ताडकन उठले. "मृगबाग कटाईला आलेली असताना? त्याच दिवसांत वावटळ सुटते. एका रात्रीत बाग आडवी!"

थोडक्यात, त्यांच्या वादळातून आणि दरांतून सुटलेला एकमेव महिना आमच्या वादळात सापडला. आबांना त्या बेटांविषयी पहिल्यांदा आपलेपणा वाटला तो इथं.

मधल्या काळात आईनं सामानाची यादी केली. दराबा, शेव, उडदाचे पापड, ठेचा. मावा जिलेबी टिकणार नाही म्हणून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पुतण्यानं समजावलं की त्रिनिदादमध्ये उपाशी राहायची भीतीच नाही. 30 मे 1845 रोजी 'फातेल रझाक' हे जहाज सव्वादोनशेच्या आसपास हिंदुस्थानी मजूर घेऊन तिथं लागलं, उसाच्या मळ्यांवर राबायला. त्यांच्या वंशजांमुळे आज तिथं डाळपुरी मिळते, आणि रस्त्यावर 'डबल्स' नावाचा प्रकार मिळतो: तळलेल्या दोन मऊ पुऱ्या आणि मध्ये रस्सेदार हरभरे.

"म्हणजे छोले-भटुरे," आई म्हणाली. "ते खायला एवढं लांब?" आणि यादीत आणखी एक किलो शेव वाढवली.

पण खरा घोळ घातला तो फोटोनं. वहिनीनं डॉमिनिकाचा डोंगरउतार दाखवला आणि आबांनी चष्मा लावला. समुद्र, वाळू, छत्री यातलं त्यांना काही दिसेना. "मागं केळी आहे," ते म्हणाले. "फुटवे काढलेले नाहीत."

त्या रात्री आबांनी पुतण्याला झोपू दिलं नाही. केळी त्या बेटांची मूळची नाही. 1516 साली एका स्पॅनिश पाद्र्यानं ती कॅनरी बेटांवरून नेली. पुढे डॉमिनिका, सेंट लुसिया, सेंट व्हिन्सेंट ही चिमुकली बेटं तिच्यावरच जगली. छोटे शेतकरी, डोंगरातली दोन-चार एकरं, आणि माल सगळा इंग्लंडला. युरोप त्यांना सवलत देई. ते अमेरिकेला आणि लॅटिन अमेरिकेत मोठे मळे असलेल्या कंपन्यांच्या पाठीराख्यांना खुपलं, भांडण जागतिक व्यापार संघटनेत गेलं, 1997 मध्ये निकाल युरोपविरुद्ध लागला आणि बेटांवरचे केळीवाले हळूहळू उठले.

"भाव पाडला," आबा म्हणाले. बऱ्हाणपूरच्या लिलावात सकाळी निघालेला भाव रावेरपर्यंत कुणाची झोप उडवतो, हे ज्यानं पाहिलंय त्याला जागतिक व्यापार संघटना वेगळी शिकवावी लागत नाही.

मग वादळं आली. 1979 चं डेव्हिड. 2017 चं मारिया. दोन्ही वेळा डॉमिनिकाच्या बागा भुईसपाट. आबा बराच वेळ गप्प राहिले. मग विचारलं, "पटवारी आला होता का? पंचनामा झाला?"

सकाळपर्यंत सहलीचं स्वरूप पार बदललं होतं. आबांच्या कार्यक्रमात पहिला दिवस बागेला भेट, दुसरा दिवस घड मोजणी, तिसरा दिवस तिथल्या शेतकऱ्यांशी भावाबद्दल चर्चा. सोबत टिश्यू कल्चरची चार रोपं न्यायची होती. ती अशी सहज नेता येत नाहीत हे कळल्यावर त्यांनी संबंधित देशांबद्दल नाराजी व्यक्त केली. वहिनीच्या दोन खुर्च्या आणि छत्री कुठल्याच दिवसात बसेनात.

"म्हणजे चौदा हजार किलोमीटर जाऊन मी केळीच बघायची?" ती म्हणाली. "ती मला मागच्या दारातून दिसते!"

तडजोड हिवाळ्यात निघाली. हनुवंतिया. खंडव्यापासून पन्नासेक किलोमीटर, नर्मदेवरच्या इंदिरा सागर धरणाच्या जलाशयाकाठी. 2016 पासून मध्य प्रदेश सरकार तिथं जलमहोत्सव भरवतं. तंबू, बोटी, पाण्यावरचे खेळ असतात. जाहिरातीत ते बेट आहे. आमची गाडी मात्र चाकं न भिजवता थेट दारात जाऊन उभी राहिली. पलीकडचा काठ दिसत नाही एवढं पाणी. याच पाण्यानं 2004 साली हरसूद हे नांदतं गाव उठवलं, हे आबांनी सांगितलं आणि थोडा वेळ कुणी फोटो काढले नाहीत. मग वहिनीला दोन खुर्च्या मिळाल्या. छत्रीही मिळाली. एकीवर ती बसली आणि दुसरीवर दादा बसणार तोच आबा येऊन टेकले आणि म्हणाले, "इथं केळी चांगली येईल."

तेव्हा वाचकहो, कॅरिबियनला जरूर जा. डिसेंबर ते एप्रिल या काळात जा, वाटेतल्या विमानतळाचे व्हिसाचे नियम तिकीट काढण्याआधी बघा, त्रिनिदादला डबल्स खा. फक्त केळीवाला नातेवाईक बरोबर नेऊ नका. त्याला जगात कुठंही न्या, तो बागेतच असतो.