तिसरी शिट्टी

१९८६च्या दिवाळीत अण्णाकाका आमच्या डोंबिवलीच्या घरी गायले होते. गायले म्हणजे फराळाची ताटली बाजूला सारून पेटी पुढे ओढली आणि पुढची ४५ मिनिटं कोणालाच उठू दिलं नाही. बाबांनी टू-इन-वनची दोन बटणं एकदम दाबली आणि नव्वदच्या कॅसेटच्या ए बाजूवर काका उतरले, पेटी उतरली, खालचे लवंगी फटाके उतरले आणि आत गॅसवर चढलेला वरणाचा कुकरही. वर बाबांच्या अक्षरात लिहिलंय, ‘अण्णा. पुसू नये.’ शिवाय कोणी टेप करू नये म्हणून मागची प्लास्टिकची टिकली मोडून ठेवलेली. बाबांचा लेखी सूचनेवर विश्वास नव्हता.

परवा सांगलीहून काकांचा फोन आला. ‘अरे, माझं ते गाणं मोबाइलवर पाठव की.’ टू-इन-वन केव्हाच भंगारात गेला होता. उरला होता मेव्हण्याने दुबईहून आणलेला वॉकमन. मी म्हटलं, त्यात काय? वायरचं एक टोक वॉकमनमध्ये, दुसरं लॅपटॉपमध्ये. ‘रात्रीपर्यंत पाठवतो, काका.’

ती रात्र तीन आठवड्यांनी उजाडली.

वायर आणायला लॅमिंग्टन रोडला गेलो. (कागदोपत्री हा डॉ. भडकमकर मार्ग, पण त्या नावाने विचारलं तर वायर सोडाच, रस्ताही सापडत नाही.) दुकानदाराने विचारलं, ‘साडेतीन एमएम? मेल-मेल का मेल-फीमेल?’ बरोबर ही होती. मी घाईघाईने मेल-मेल सांगितलं आणि घरी येईपर्यंत तिने त्यावर काही न बोलण्याची काळजी घेतली.

वायर लावली, वॉकमनचं बटण दाबलं, लॅपटॉपवर हिरव्या रेषा नाचू लागल्या. ४५ मिनिटांची बाजू उतरवायला ४५ मिनिटंच लागतात, टेप सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरच सरकते, तिला घाई चालत नाही. मी चहा केला, पेपर वाचला. मग फाइल लावून पाहिली. काका नव्हतेच. बहिणीशी फोनवर बोलणारी ही होती. विषय मी होतो. आवाज मात्र अतिशय स्वच्छ आला होता.

झालं होतं असं, की हल्लीच्या लॅपटॉपला एकच भोक असतं, हेडफोन आणि माइक दोघांसाठी. आत घुसलेल्या पिनेवरचे काळे पट्टे पाहून तो पाहुणा ओळखतो. तीन पट्टे म्हणजे माइकवाला इअरफोन, दोन म्हणजे नुसता हेडफोन. माझ्या पिनेवर दोनच होते. लॅपटॉपला वाटलं, हे काहीतरी ऐकायला आलंय. तो बोलायला लागला. समोर वॉकमन तर जन्मापासून नुसता बोलतोच. १९७९ साली जपानमध्ये पहिला वॉकमन निघाला तेव्हा त्याला हेडफोनची भोकं चांगली दोन होती, पण रेकॉर्डिंगची सोय नव्हती. तेव्हा एका वायरीच्या दोन टोकांना दोघं बोलत होते आणि ऐकत कोणीच नव्हतं. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला मी बरीच वर्षं जातोय, तरी हे माझ्या लक्षात यायला एक अख्खा दिवस गेला. ऐकायचं काम बिचारा लॅपटॉपचा पोटातला माइक करत होता, आणि त्याला जे ऐकू आलं ते आलं.

पुन्हा लॅमिंग्टन रोड. या वेळी एकटाच. काडेपेटीएवढी यूएसबीची डबी आणली, तिला लाल आणि पांढरी अशी दोन भोकं. लाल उजव्या कानाचं, पांढरं डाव्या. आता काका आले, पण वॉकमनचा आवाज जरा वाढवला की फाटायचे आणि कमी केला की मागे घूंऽऽ अशी गुणगुण. भिंतीतल्या विजेची ५० हर्ट्झची ती धून चार्जरच्या वाटेने आत येत होती. तंबोरा म्हणून मी ती खपवलीही असती, पण सूर जुळेना. चार्जर उपटला, गुणगुण गेली. बॅटरी संपायच्या आत ए बाजू संपवायची, अशी शर्यत लावून एकदाचे काका उतरवले आणि पाठवले.

पाच मिनिटांत फोन. ‘हा कोण गातोय?’

‘तुम्हीच, काका.’

‘मी काळी दोनमध्ये गायलो होतो. हा पांढरी दोनमध्ये गातोय. आणि झोपेत गातोय.’

वॉकमन उघडला. आतला रबरी पट्टा सैल पडलेला. टेप जेमतेम सहा टक्के हळू चालली तरी अख्खा अर्धा सूर उतरतो. तिशी ओलांडलेला तो पट्टा काकांना खाली खेचत होता. ८४ वर्षांच्या त्यांच्या कानाने तो सांगलीत बसून पकडला.

भाच्याने कॉम्प्युटरवर वेग वाढवला. वर आपल्या मनाने खरखर, फटाके, कुकर सगळं ‘साफ’ करून दिलं. मी अभिमानाने नवी फाइल पाठवली.

‘हां. हा मी,’ काका म्हणाले. मग जरा थांबून, ‘पण तिसरी शिट्टी कुठे गेली?’

‘काढली, काका. नॉइज होता तो.’

‘अरे, वहिनींच्या त्या शिट्टीवर मी समेवर आलो होतो. ती काढलीत तर मी येऊ कुठे?’

भाच्याला सांगून शिट्टी परत बसवून घेतली. पहिल्या दोन नकोत म्हणाले.