प्रॉक्सीभाऊ

गोंडपिपरीत एखाद्या कार्यालयात मेल अडला की फोन चंद्रपूरला जात नाही, प्रॉक्सीभाऊंना जातो. हुद्दा कंत्राटी ऑपरेटरचा, रुबाब चीफ इंजिनिअरचा.

"काऊन भाऊ, गूगल खुलून राह्यलं अन् मेलच नाही येऊन राह्यला?" असं कोणी विचारलं की ते आधी खुर्ची मागतात, मग चहा, मग माऊस. उत्तर सगळ्यांत शेवटी. "अरे बाप्पा, ब्राउझर एचटीटीपी बोलते. थंडरबर्ड आयमॅप अन् एसएमटीपी बोलते. तू दोघाईले एकाच दारातून ढकलून राह्यला!"

मग ते सेटिंग्जमध्ये शिरून मॅन्युअल प्रॉक्सीची खिडकी उघडतात. कोणा हौशी माणसाने दिसेल त्या रकान्यात 8080 भरून ठेवलेलं असतं. भाऊ ते पुसतात, सॉक्स होस्टच्या रकान्यात पत्ता टाकतात, पोर्ट 1080, आणि व्हर्जन 5 वर टिचकी. "चारवर नको ठेवू. त्याले सर्व्हरचं नाव नाही समजत, नुस्ता आकडा समजते." आयमॅपचा 993, एसएमटीपीचा 587 त्यांना तोंडपाठ, घरच्या वीजबिलाची तारीख मात्र दर महिन्याला हुकते.

निदान सहसा बदलत नाही. उंदराने मोडेमची तार कुरतडली तरी प्रॉक्सी. वैनगंगेला पूर येऊन आष्टीचा रस्ता बंद पडला आणि लाइनच गेली, तरी आधी प्रॉक्सी तपासायची.

पण मेल सुरू झाल्याचा आनंद साहेबांना फार वेळ पुरत नाही. सर्व्हरवर साचलेलं सगळं भराभर खाली उतरतं: 'माहिती तत्काळ सादर करा', स्मरणपत्र एक, स्मरणपत्र दोन आणि त्यावर ठळक अक्षरांत 'कारणे दाखवा'. "मेलच मिळाला नाही" या एका वाक्यावर आठवडाभर निवांत असलेले साहेब भाऊंकडे असे बघतात, की नोटीस त्यांनीच काढली असावी. बाबूलोक तर त्या दिवशी चहाचंही विचारत नाहीत.

अशा दोन-चार प्रसंगांनी प्रॉक्सीभाऊ शहाणे झाले. आता ते येतात, खुर्चीत बसतात, चहा संपवतात आणि माऊसला हात लावण्याआधी दार लोटून हळूच विचारतात, "साहेब, मेल आताच चालू करू, का अहवाल तयार झाल्यावर येऊ?"